आधी ओळख, मग वाट

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शेतीसल्ल्याखाली ०२४५२-२२९००० हा क्रमांक छापलेला असतो. सोयाबीनवर कीड दिसली, हरभऱ्याला मर लागली, की शेतकरी तो लावतो. हा क्रमांक जरा सुटा करून पाहू. २४५२ म्हणजे परभणी. २२९००० म्हणजे परभणीतला तो एक फोन. दोन्ही मिळून दहा अंक. मुंबईचा कोड दोन अंकी, म्हणून तिथला पुढचा क्रमांक आठ अंकी. छत्रपती संभाजीनगरात तीन आणि सात. परभणीत चार आणि सहा. बेरीज देशभर दहाच.

मग पहिले शून्य कशाचे? ते क्रमांकाचा भागच नाही. ‘मला गावाबाहेरच्या वाटेने जायचे आहे’ एवढेच ते एक्स्चेंजला सांगते. दुबईहून हाच फोन लावणारा माणूस हे शून्य लावत नाही. तो परदेशी वाटेचे अधिक चिन्ह किंवा दोन शून्ये देऊन ९१ लावतो, मग २४५२, मग २२९०००. वाट बदलली म्हणून सुरुवात बदलली, फोन मात्र तोच. म्हणजे सल्ल्याखाली छापलेल्या या अंकांत दोन निराळ्या गोष्टी शेजारी बसल्या आहेत. एक आहे त्या फोनची ओळख, दुसरी त्याच्याकडे जायच्या वाटेची सूचना. इंटरनेटवर चालणारी फोनव्यवस्था एखाद्या कार्यालयात बसवताना जे काही करावे लागते, ते सगळे या एका भेदातून निघते. भेद नीट कळला की व्यवस्था सरळ चालते. तो न कळता नियम लिहिले, की ‘इथून लागतो, तिथून लागत नाही’ ही तक्रार कधी संपत नाही.

एके काळी हा भेद नव्हताच. अमेरिकेत अल्मन स्ट्राउजर यांनी १८९१ साली स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळवले. त्या पद्धतीच्या यंत्रांत ग्राहकाने लावलेला प्रत्येक अंक म्हणजे विजेचे तेवढे ठोके असत, आणि प्रत्येक ठोक्यासरशी एक्स्चेंजमधला खटका एक घर पुढे सरके. पहिल्या अंकाने पहिला खटका, दुसऱ्याने दुसरा, आणि शेवटच्या अंकाला थेट त्या घराची तार जोडली जाई. क्रमांक हीच वाट होती. भारतात २६ नोव्हेंबर १९६० रोजी लखनौ आणि कानपूर यांच्यात थेट डायलिंग सुरू झाले, पुढे देशभर एसटीडीचे कोड आले, आणि क्रमांकात जागेचा नकाशा उतरला.

आपल्या भागात तो नकाशा अजून वाचता येतो. पाथरी ०२४५१, परभणी ०२४५२, गंगाखेड ०२४५३, वसमत ०२४५४, कळमनुरी ०२४५५, हिंगोली ०२४५६, जिंतूर ०२४५७. हे सगळे एका ओळीत बसतात, कारण कोड ठरले तेव्हा ही सगळी गावे परभणी जिल्ह्यात होती. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या बदलल्या, शिक्के बदलले, कोड तेच राहिले. राज्यकारभाराचा नकाशा आणि फोनचा नकाशा त्या दिवशी एकमेकांपासून सुटले, आणि तरी फोन लागत राहिले. क्रमांकाला जागेशी जखडून राहण्याची गरज नाही, याचा हा पहिला पुरावा आपल्याच दारात आहे.

पुढचे पुरावे मोठे आहेत. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे. त्याच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकात ना परभणी आहे, ना मुंबई. तो लावला की जाळे आपल्या यादीत पाहते, हा फोन आता कुठल्या केंद्राकडे द्यायचा ते ठरवते, आणि मगच जोडणी होते. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइलचा क्रमांक न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. त्याआधी पहिल्या चार-पाच अंकांवरून कंपनी आणि विभाग सांगता येई. आता एखादा क्रमांक कुठल्या कंपनीकडे आहे हे अंक सांगत नाहीत. दर वेळी यादीला विचारावे लागते. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या जिओचे तर सगळे बोलणे पहिल्या दिवसापासून इंटरनेटच्या पद्धतीने, तुकडे करून जाते. बीएसएनएलची तांब्याची तार काढून फायबर घेतलेल्या घरात जुना लँडलाइन क्रमांक तोच राहतो, आतले शरीर पूर्ण बदललेले असते. इंटरनेटवरून फोन ही आता बड्या शहरांतल्या कंपन्यांची चैन राहिलेली नाही. मानवतच्या बाजारात उभा राहून मोबाइलवर कापसाचा भाव विचारणारा शेतकरीही तीच वापरतो.

या सगळ्यांत घडले एकच. पूर्वी अंक खटका हलवत, आता अंक प्रश्न विचारतात: ‘हा क्रमांक आज कुठे राहतो?’ उत्तर देणारी एक यादी असते. मोठ्या जाळ्यात ती यादी कंपन्या सांभाळतात. आपल्या कार्यालयात फोनव्यवस्था बसवली, की ती सांभाळण्याचे काम आपल्यावर येते.

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, परभणीत बियाणे-खतांचे एक दुकान आहे, जिंतूरला आणि गंगाखेडला शाखा आहेत, आणि हिशेब पाहणारा मुलगा पुण्यात राहतो. चारही ठिकाणी इंटरनेट आहे. दुकानात एक छोटा संगणक ठेवायचा आणि त्यावर ॲस्टरिस्कसारखी मुक्त प्रणाली चालवायची. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली ती लिहायला घेतली, कारण त्यांच्या लहानशा कंपनीला फोनची तयार व्यवस्था परवडत नव्हती. आज ती कुणालाही फुकट वापरता येते. चारही ठिकाणचे फोन या संगणकाकडे आपली नोंद करतात. ही नोंद आणि बोलण्याआधीची सगळी बोलाचाली सिप नावाच्या नियमांनी होते. त्या नियमांचे आज चालू असलेले रूप जून २००२ मध्ये ठरले. प्रत्यक्ष आवाज मात्र वेगळ्या वाटेने जातो. साधारणपणे सेकंदाला पन्नास तुकडे, आणि दर्जेदार आवाजाला एका बाजूने नव्वद किलोबिटच्या आतबाहेर जागा. आजच्या फायबरला हे ओझे काहीच नाही.

पहिला निर्णय एक्स्टेंशनच्या, म्हणजे आतल्या फोनांच्या अंकांचा, आणि तो गावावर अवलंबून असतो. परभणीतले बीएसएनएलचे सहा अंकी क्रमांक २ ने सुरू होतात. दुकानात एक्स्टेंशन २०१ ठेवले, तर कुणी २-०-१ दाबल्यावर यंत्र अडखळेल: हे आतले २०१, की २०१ ने सुरू होणाऱ्या सहा अंकांची सुरुवात? पुढचा अंक येतो का म्हणून ते काही सेकंद थांबेल, आणि प्रत्येक आतला फोन तेवढा उशिरा लागेल. १ ने सुरुवात केली तर १०१, १०८, ११२ या तातडीच्या क्रमांकांशी टक्कर. शून्य बाहेरच्या वाटेचे. ६, ७, ८, ९ मोबाइलचे. म्हणून ५०१, ५०२ असे घ्यावेत. परभणीत त्या वाटेवर गर्दी कमी. इतक्या लहान गोष्टीत काळजी घेतली तर पुढे रोजचा त्रास वाचतो.

यानंतर पहिली पायरी, ओळख. माणसे एकच क्रमांक अनेक तऱ्हांनी दाबतात. परभणीतला कर्मचारी २२९००० एवढेच दाबेल, जिंतूरचा ०२४५२ लावेल, पुण्याचा मुलगा मोबाइलमध्ये साठवलेला अधिक ९१ वाला क्रमांक काढेल. व्यवस्थेने या सगळ्यांना आत येताच एकच रूप द्यावे: देशाचा कोड, मग दहा अंक. जगभर हेच रूप मान्य आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमाप्रमाणे असा क्रमांक जास्तीत जास्त १५ अंकी असतो. सहा अंक आले तर आधी ९१२४५२ जोडा. शून्य आणि दहा अंक आले तर शून्य काढून ९१ जोडा. नुसते दहा अंक आले तर ९१ जोडा. दोन शून्ये किंवा अधिक चिन्ह आले तर ते काढा, पुढे देशाचा कोड आहेच. एक सावधगिरी मात्र हवी. जिंतूरच्या फोनवरून कुणी नुसते सहा अंक दाबले तर त्याला जिंतूरचा क्रमांक हवा असतो, म्हणून तिथे ९१२४५७ जोडायला हवे. दाबणारा कुठे बसला आहे हे या पायरीवरच पाहायचे असते. पुढच्या पायऱ्यांना त्याची गरज उरत नाही.

हे नियम लिहायची भाषा सोपी आहे. ॲस्टरिस्कमध्ये एक्स म्हणजे ० ते ९ पैकी कोणताही अंक, झेड म्हणजे १ ते ९, आणि एन म्हणजे २ ते ९. एन आणि पुढे पाच एक्स लिहिले की परभणीतला सहा अंकी क्रमांक ओळखला गेला. येणाऱ्या फोनचा क्रमांकही याच रूपात साठवावा, म्हणजे सुटलेल्या फोनला परत लावताना बटण दाबले की तो लागतो.

ओळख एका रूपात का ठेवायची, याचे उत्तर नियमांच्या इतिहासात आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावणे बंधनकारक झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने लँडलाइनवरून लँडलाइन लावतानाही शून्य आणि एसटीडी कोड लावावा, अशी शिफारस केली. दाबायची रीत अशी बदलत राहणार. ज्याने ओळख आणि वाट एकाच नियमात कोंबली, त्याला दर बदलाला शंभर नियम उलटेपालटे करावे लागतील. ज्याने वेगळी ठेवली, तो फक्त दाराशी, बाहेर पडताना शून्य जोडण्याचा एक नियम लिहील.

दुसरी पायरी, विचारणा. ओळख पटलेला क्रमांक आज कुठे राहतो, हे यादीला विचारायचे. आतले एक्स्टेंशन असेल तर उत्तर आपल्याच संगणकात असते. बाहेरचा असेल तर? इथे इंटरनेटच्या अभ्यासकांनी एक सुंदर युक्ती काढली. पॅट्रिक फाल्टस्ट्रॉम यांनी सप्टेंबर २००० मध्ये ती मांडली, आणि तिचे नाव ईनम. संकेतस्थळाचे नाव विचारल्यावर त्याचा पत्ता सांगणारी जी जागतिक यादी आहे, तिलाच फोन क्रमांक विचारायचा. त्या यादीत मोठी पायरी शेवटी असते, जसे भारतातल्या संकेतस्थळाचे ‘इन’ शेवटी येते. फोन क्रमांकात मात्र देश आधी येतो. म्हणून क्रमांक उलटा करायचा, प्रत्येक अंकानंतर टिंब द्यायचे, आणि शेवटी या कामासाठी राखलेले नाव जोडायचे. विद्यापीठाचा क्रमांक असा होईल: ०.०.०.९.२.२.२.५.४.२.१.९, आणि पुढे ‘ई१६४.आर्पा’. उजवीकडून वाचले की आधी भारत, मग परभणी, मग तो फोन. यादीत नोंद असेल तर उत्तर येते की या क्रमांकाला अमुक सिप पत्त्यावर थेट गाठा. मधे कुठलीही फोन कंपनी नाही, मिनिटाचा दर नाही.

ऑस्ट्रियाने २००४ च्या अखेरीस ही सेवा ग्राहकांसाठी खुली केली. तरी ती जगभर रुजली नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नोंद करायची तर क्रमांक तुमचाच आहे हे कुणीतरी प्रमाणित करायला हवे, आणि ते करू शकणाऱ्या कंपन्यांचे उत्पन्न त्याच मिनिटांवर होते. दुसरे, पत्ता उघडा झाला की नको असलेल्यांनाही सापडतो. याच सुमारास दुसरा प्रयत्न झाला. बेल्जियमच्या व्हॉक्सबोन कंपनीने २००८ मध्ये ८८३५१०० ने सुरू होणारे, कुठल्याच देशाचे नसलेले इंटरनेट क्रमांक आणले. आपल्या यंत्रात ते जोडायला एक नियम पुरत असे: दोन शून्यांपुढे ८८३५१०० आले, तर फोन कंपनीच्या वाटेने न पाठवता सिपने थेट पाठवा. पण अनेक कंपन्यांच्या ग्राहकांना ते लावताच येत नव्हते. जो क्रमांक शेजाऱ्याच्या फोनवरून लागत नाही, तो लोकांच्या उपयोगाचा नाही.

तरीही विचार वाया गेला नाही. फोन कंपन्या आपसात हीच पद्धत बंद दाराआड वापरतात. आणि आपल्या दुकानापुरती खासगी यादी आपण ठेवू शकतो. जिंतूरच्या शाखेचा लँडलाइन क्रमांक पाठ असलेला जुना कर्मचारी तोच दाबतो. यादीत त्या क्रमांकापुढे ‘एक्स्टेंशन ५११’ अशी ओळ असेल, तर फोन बाहेर न जाता आतूनच जिंतूरला वाजतो. त्याला सवय बदलावी लागली नाही. यंत्राने माणसाची सवय सांभाळावी, ही या पायरीची कसोटी.

तिसरी पायरी, वाट. परभणी जंक्शनवर गाडी आली की ती मनमाडकडे जाईल, पूर्णेकडे जाईल की गंगाखेडवरून परळीकडे, हे गाडीवरची पाटी ठरवत नाही. रूळ कसे लावले आहेत त्यावर ते ठरते. फोनव्यवस्थेतही सांधे लावणे हे वेगळे आणि शेवटचे काम आहे. पहिला क्रम आतल्या वाटेचा. ती नसेल तर परवानाधारक कंपनीकडून घेतलेली सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून बाहेरच्या फोनजाळ्यात नेणारी जोडणी. ती बंद असेल तर दुकानातली जुनी लँडलाइन. एका वाटेने उत्तर दिले नाही तर दोन-तीन सेकंदांत दुसरी घ्यावी, कारण गिऱ्हाईक कानाला लावलेला फोन मुका राहिला की ठेवून देते. प्रत्येक वाटेच्या दाराशी क्रमांकाला त्या वाटेला हवा तो पेहराव द्यावा: कुणाला ९१ हवे, कुणाला शून्य.

वाटांना कायद्याची मर्यादा आहे, आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या शाखा इंटरनेटवरून एकमेकांशी बोलल्या तर हरकत नाही. क्रमांकासह इंटरनेट टेलिफोनी २०१८ पासून परवानाधारक कंपन्या देऊ शकतात. बीएसएनएलने त्याच वर्षी ‘विंग्ज’ नावाने ती सुरू केली. पण परदेशातून इंटरनेटवरून आलेला फोन आपल्या यंत्रातून सिमकार्डाच्या वाटेने कुणाच्या मोबाइलवर सोडणे म्हणजे बेकायदा एक्स्चेंज चालवणे. त्यात फोन करणाऱ्याचा खरा क्रमांक लपतो, आणि तो गुन्हा आहे. आखाती देशातला नातेवाईक आपल्या एक्स्टेंशनशी बोलू शकतो. त्याला आपल्या लाइनवरून गावभर फोन करू देता येत नाही.

आता ज्या ठिकाणी चूक जिवावर बेतते, तिथे थांबू. ११२, १०८, १०१ यांचे नियम सगळ्यांत वर असावेत. त्यांना ना पासवर्ड, ना आधी शून्य, ना कुठली बंदी. पण नुसते लागणे पुरेसे नाही. पुण्यातला मुलगा परभणीच्या यंत्रातून १०८ लावेल, तर मदतीची चौकशी परभणीच्या पत्त्यावर सुरू होईल. क्रमांक जागेपासून सुटल्याचा हा तोटा आहे. म्हणून बाहेरगावच्या फोनवरून तातडीचे क्रमांक मोबाइलनेच लावायचे, असे तिथल्या माणसाला सांगून ठेवावे आणि फोनवर चिकटवावे. वीज हा दुसरा प्रश्न. जुन्या तारेच्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट मिळत, त्यामुळे लाइट गेली तरी तो वाजे. इंटरनेटचा फोन चालायला फायबरचे यंत्र, राउटर, संगणक आणि फोन, चौघांना वीज लागते. चौघेही इन्व्हर्टरवर नसतील, तर भारनियमनात व्यवस्था मुकी होते.

उघड्या दाराची काळजीही तेवढीच. सिपचे नेहमीचे दार ५०६० क्रमांकाचे, आणि जगभरचे चोर ते दिवसरात्र ठोठावत असतात. एक्स्टेंशन ५०१ आणि पासवर्डही ५०१ असेल, तर ते आत शिरतात आणि सुटीच्या रात्री महागड्या परदेशी क्रमांकांवर हजारो मिनिटे जाळतात. बिल आपल्या नावावर येते. यावर उपाय साधे आहेत. पासवर्ड लांब ठेवा. परदेशी वाट मुळात बंद ठेवा आणि ज्याला खरोखर लागते त्यालाच उघडा. बाहेरून येणाऱ्या फोनला बाहेर जाणाऱ्या वाटेपर्यंत पोहोचूच देऊ नका. आणि ‘पुढे काहीही चालेल’ असा सैल नियम लिहू नका. किती अंक हवेत ते मोजून लिहा.

व्यवस्था बसवण्याआधी कागद घ्या आणि मराठीत तीन रकाने आखा: माणूस काय दाबेल, तो क्रमांक कुणाचा, आणि तो कुठल्या वाटेने जाईल. प्रत्येक ओळ भरा, प्रत्येक ओळ फोन लावून तपासा, तातडीच्या क्रमांकांची तपासणी त्या यंत्रणेला आधी कळवून करा. मग तो कागद यंत्राशेजारी लावा, म्हणजे उद्या बसवणारा माणूस गावात नसला तरी दुसऱ्याला व्यवस्था कळेल. हा कागद ज्याला भरता येतो, त्याला संगणकातले नियम लिहिणे जड जात नाही. आणि तो भरता येत नसेल, तर यंत्र विकत घेण्याची घाई करू नये.